चौसष्टावी रेषा

२००८ सालच्या जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत माझी माहिती एकोणीस ठिकाणी गेली. एकोणीसही ठिकाणांहून फोटो मागवण्यात आला. फोटो पोहोचल्यानंतर एकाही ठिकाणाहून होकार किंवा नकार आला नाही.

"कळवतो म्हणाले असतील," अक्का फोनवर म्हणाली.

"नऊ जण म्हणाले. उरलेले दहा काहीच म्हणाले नाहीत."

"मोजून ठेवलंस?"

"हो."

"लग्नाला उभा राहिलायस की परीक्षेला बसलायस रे?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण पद्मजा. ती जयसिंगपूरला असते. मी त्या वेळी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ओतीव लोखंडाची तपासणी करणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत काम करत होतो. कारखान्यातून आलेल्या नगाचा तुकडा कापायचा, तो आरशासारखा घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो काढायचा आणि लोखंड हवे तसे आहे की नाही हे मालकाला लेखी कळवायचे, हे माझे काम. माझी पत्नी कुमुद दोन वर्षांपूर्वी वारली होती. आम्हाला मूल नव्हते.

लग्नाचा विचार माझा नव्हता. पण तो मान्य करण्याचे कारण माझेच होते. शनिवारी संध्याकाळी सहाला प्रयोगशाळा बंद होई आणि सोमवारी सकाळी साडेनऊला उघडे. या साडेएकोणचाळीस तासांत बहुतेक आठवड्यांना मी एकही शब्द बोलत नसे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. एका सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने किल्लीबद्दल काही विचारले आणि माझा आवाज फुटला नाही. तिसऱ्या प्रयत्नाला फुटला. हे मी अक्काला निव्वळ एक निरीक्षण म्हणून सांगितले. पुढच्या रविवारी सकाळी आठच्या एसटीने ती येऊन दाखल झाली.

"ऊठ. शेडबाळेबाईंकडं जायचंय."

शेडबाळेबाई शाहूपुरीत राहत. विधवा, विधुर आणि घटस्फोटित यांच्यासाठी त्या आपल्या घरच्या पुढच्या खोलीत एक मंडळ चालवत. तिथे एक जाड वही होती. तिच्यात डाव्या पानावर माहिती आणि उजव्या पानावर फोटो, अशी पद्धत होती. बाईंनी माझी माहिती लिहून घेतली. उंची, शिक्षण, नोकरी, स्वतःचे घर. शेवटी चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या, "फोटो पोस्टकार्डाएवढा लागंल. एकट्याचा. आणि त्यात जरा हसा, मगदूम. इथं हसऱ्या माणसालाच उत्तर येतं."

घरी येऊन अक्काने संगणकावरचे सगळे फोटो पाहिले. त्यांत मी फारसा नव्हतो. होतो तिथे परीक्षक म्हणून बोलावल्यासारखा उभा होतो. शेवटी एका फोटोवर ती थांबली. इचलकरंजीच्या एका लग्नात, २००५ साली, मेहुण्याच्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला.

"हा. ह्यात तू माणसासारखा दिसतोस."

"ह्यात कुमुद आहे."

अक्काने पडद्यावर कुमुदपाशी बोट टेकवले. मग ब्लाउजचा लोंबता दोरा तोडायला सांगावे तशा आवाजात म्हणाली, "मग तेवढं काप."

मी कापले. कसे कापले ते सांगणे भाग आहे.

असा फोटो साठवताना संगणक त्याचे लहान लहान चौकोन पाडतो. त्या फोटोत प्रत्येक चौकोन सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच होता. आपण फोटो मनाला येईल तिथे कापून पुन्हा साठवला, की सगळे चौकोन नव्याने मांडले जातात आणि दर खेपेला थोडा तपशील जातो. एकदा कापून काही बिघडत नाही असे लोक म्हणतात. माझ्याआधीच्या तपासनिसाने एका पंपाच्या कवचाचा फोटो असाच चार वेळा कापून साठवला होता. लोखंडातल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या कडा त्यात पुसट झाल्या, आणि चांगला माल वाईट ठरून परत गेला. त्यानंतर मी नियम केला: कापायचे ते चौकोनांच्या रेषेवरच. उजवी आणि खालची कड कुठेही घेता येते. डावी आणि वरची मात्र रेषेवर बसली पाहिजे. मग उरलेल्या चौकोनांना कोणी हात लावत नाही. ते मूळ फाइलमध्ये जसे होते तसेच राहतात. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम मिळतो. तो मी प्रयोगशाळेत वापरत असे, आणि त्या रविवारी घरी वापरला.

कुमुद फोटोत माझ्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे उभी होती. डावी कड रेषेवर बसवली. दर्जात काहीही फरक पडला नाही. स्टुडिओतून पंचवीस प्रती काढून आणल्या.

एकोणीस प्रती गेल्यानंतर मी कारणाचा विचार सुरू केला.

माहिती वाचून एकोणीसही घरांनी फोटो मागवला होता, म्हणजे दोष माहितीत नव्हता. फोटोनंतर सगळे थांबले, म्हणजे दोष फोटोत होता. इथपर्यंत काही अवघड नव्हते. अक्काचे म्हणणे, स्टुडिओत जाऊन दुसरा फोटो काढ.

"दुसरा फोटो दिला आणि उत्तर आलं, तर पहिल्यात दोष होता एवढंच कळेल. काय दोष होता ते कळणार नाही."

"न कळू दे की! बायको आली म्हणजे झालं."

"अक्का, मी दिसायला वाईट आहे का?"

"देखणा कधीच नव्हतास. पण एवढाही नाहीस रे. एकोणीसातल्या एकीनं तरी डोळे मिटून हो म्हणायला पाहिजे होतं."

मी एक प्रत घेऊन भिंगाखाली धरली. दोष शोधणे हा माझा पंधरा वर्षांचा व्यवसाय होता. चेहरा नीट होता, प्रकाश डावीकडून, केसांच्या कडा स्वच्छ, मिशी एका बाजूला किंचित जास्त. मिशीमुळे एकोणीस घरे थांबली असतील हे संभवत नव्हते. पार्श्वभूमीला मांडवाचा पडदा. डावी कडही पाहिली. तिथे मला माझ्या गडद निळ्या शर्टाची बाही दिसली. दोष आढळला नाही, अशी नोंद केली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेडबाळेबाईंचा फोन आला. "एकीला तुम्हाला भेटायचंय. सांगलीची आहे. शैलजा अलासे. दवाखान्यात एक्स-रे काढते. घटस्फोटित, चव्वेचाळीस. रविवारी चारला या. बरा शर्ट घाला."

"फोटो पाहिला त्यांनी?"

"पाहिला म्हणूनच येत्यात."

हे विसावे ठिकाण. रविवारी दुपारी मी दोनदा दाढी केली. वाटेत रस्त्यात थांबून, कोणी जवळ नाही असे पाहून, "नमस्कार" असे म्हणून पाहिले. आवाज फुटत होता.

शैलजाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या. करड्या रंगाची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, चेहऱ्यावर दिवसभर अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्यांचा फिकेपणा. शेडबाळेबाईंनी चिवड्याच्या बशा ठेवल्या आणि उठून आत जाण्याचा नुसता आव आणला.

"बसा," शैलजाबाई म्हणाल्या, जणू घर त्यांचेच होते. "आधीच सांगते. एक विचारायचं होतं. त्याचं उत्तर मिळालं की मग बाकीचं बोलू."

"विचारा."

त्यांनी पर्समधून माझा फोटो काढून स्टुलावर ठेवला आणि त्याच्या डाव्या कडेवर नख टेकवले.

"हा हात कुणाचा?"

"कुठला हात?"

"ही चार बोटं."

मी वाकून पाहिले. माझ्या दंडावर, निळ्या बाहीवर, अगदी कडेला, एकाखाली एक अशी चार फिकट टोके होती. नखांसकट. दीड मिलिमीटर रुंदीची असतील. एकदा दिसल्यावर फोटोत दुसरे काही दिसेना.

शेडबाळेबाई बशीतला शेंगदाणा निवडत होत्या.

"बाई," मी विचारले, "तुम्हाला दिसली होती ही?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमचाच फोटो. तुमच्याच दंडावर हात. तुम्हाला माहीत नसंल असं कसं वाटंल मला?"

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना दिसली. अहो, लग्नाचा फोटो आहे, कुणी नुसतं वरवर बघतं काय? निपाणीच्या एकीच्या आईनं तर मला विचारलं, बायको वारली म्हणता, मग हात अजून कसा धरलाय? काय सांगणार मी! एक म्हणाले, माणूस लपवाछपवी करणारा दिसतोय. दुसरे म्हणाले, बायको वारलेली नाही, सोडलेली असणार. मी म्हटलं, तसं नाही. पण मला तरी काय माहीत?"

"बाई, चहा टाकता का जरा?" शैलजाबाई म्हणाल्या.

शेडबाळेबाई या वेळी खरोखर आत गेल्या.

"माझ्या पत्नीचा," मी म्हणालो. "कुमुदचा. दोन वर्षांपूर्वी वारली. मेंदूत रक्तस्राव झाला. दुपारी अडीचला मला फोन आला आणि तीनला मी पोहोचलो तेव्हा संपलं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही."

"मला तसं वाटलं नव्हतंच." त्यांनी फोटो स्वतःकडे वळवला. "वीस वर्षं मी हेच करते. डॉक्टर फिल्मच्या मध्ये बघतात. मी आधी कडा बघते. पेशंटनं अंगठी काढलीय का, गळ्यातलं काढलंय का, धरून उभ्या असलेल्या आईचा हात आत आलाय का. काय करतायत ह्या? हात नुसता ठेवलेला वाटत नाही."

"चिमटा काढते आहे."

"चिमटा?"

"फोटो काढणारा हसा म्हणत होता. मी हसत नव्हतो."

शैलजाबाई हसल्या. अनपेक्षितपणे मोठ्याने हसल्या, आणि आतला शेडबाळेबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे मला दाखवलेलं हे हसू चिमट्याचं आहे!"

"हो."

"आणि चिमटा काढणारी कापली."

"कापावी लागली. एकट्याचा फोटो हवा होता."

"मग बोटं का राहिली?"

मी त्यांना चौकोन, सोळा ठिपके, रेषा आणि दर्जा हे सगळे समजावून सांगितले. दोनेक मिनिटे लागली असतील. दोन मिनिटे सलग बोलल्याला मला बरेच महिने झाले होते. त्या मान हलवत ऐकत होत्या. चित्रांचे काम करणारे माणूस ऐकते तसे, मध्येच एक नेमका प्रश्न विचारत.

"म्हणजे तुम्ही रेष बोटांच्या आत मारली होती."

"बोटं संपतात तिथे."

"आणि चौकोनावर बसवताना ती बाहेर सरकली. म्हणून बोटं परत आली."

"बरोबर. त्यात माझा काही हेतू नव्हता. पद्धतीचा परिणाम आहे."

"बाहेर एक रेष आहे, तशी आतही असेल की."

"असते."

"ती घेतली असती तर क्वालिटी गेली असती?"

"नाही."

"मग ती का नाही घेतली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. पहारेकऱ्यासमोर झाले होते तसेच झाले.

"कदाचित खूप आत असेल," शेवटी मी म्हणालो. "माझा खांदा तुटला असता."

"किती आत होती?"

"मोजावं लागेल."

"मोजा मग."

चहा आला. आम्ही तो प्यालो. त्यांनी सांगलीतल्या घराबद्दल सांगितले, कृष्णेच्या पुरात तळमजल्यावर पाणी आले तेव्हा जिन्यावर बसून काढलेल्या दोन दिवसांबद्दल सांगितले. मला त्यांचे बोलणे आवडत होते. वाक्ये पूर्ण होत होती. बाहेर पडताना दारात त्या थांबल्या.

"माझा घटस्फोट कशानं झाला ते बाईंनी सांगितलंच असेल."

"नाही."

"आश्चर्य आहे. आमच्या घरातल्या कुठल्याच फोटोत नसलेल्या, नवऱ्याच्या एका बाईबरोबर मी सहा वर्षं संसार केला, मगदूमसाहेब. ती जिवंत होती, एवढाच फरक. तेव्हापासून कडा बघायची सवय घरीपण लागली. तुम्हाला नावं ठेवत नाही मी. तुमचं बोलणं मला बरं वाटलं. पद्धतीचा दोष असेल तर काहीच प्रश्न नाही, तसं कळवा. पण मोजल्याशिवाय कळवू नका."

त्यांनी फोटोच्या मागे आपला नंबर लिहून तो मला परत दिला.

घरी येऊन मी मूळ फोटो उघडला. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मांडवात आम्ही दोघे उभे होतो. कुमुद कॅमेऱ्याकडे साळसूदपणे पाहत होती आणि तिचा उजवा हात आडवा येऊन माझ्या दंडापर्यंत पोहोचला होता. मी बोटांच्या टोकांवर खूण नेली. बोटे डावीकडून एक हजार छत्तिसाव्या ठिपक्यापाशी संपत होती. तिथे रेषा मारून प्रोग्रामला कापायला सांगितले.

प्रोग्रामने आपण होऊन काही केले नाही. त्याने विचारले. पडद्यावर एक चौकट आली आणि तिच्यात दोन पर्याय होते. बाहेरची, म्हणजे कुमुदच्या बाजूची रेषा, चौसष्टावी, एक हजार चोवीसवर. आतली रेषा, पासष्टावी, एक हजार चाळीसवर. बाहेरची बारा ठिपके दूर होती. आतली चार. जवळची रेषा आतली असल्यामुळे प्रोग्रामने आधीच तिच्यावर खूण केलेली होती. मी नुसते मान्य म्हटले असते तरी बोटे गेली असती.

म्हणजे जूनमधल्या त्या रविवारी मी खूण हलवून बाहेरच्या रेषेवर नेली होती.

मला ते आठवत नव्हते. आजही आठवत नाही. पण दुसरे काही घडलेले असणे शक्य नव्हते. मी चौकट बंद करून तीच कृती आणखी दोनदा केली. दोन्ही वेळा खूण आतल्या रेषेवरच आली.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सांगलीला फोन लावला. तो लावण्याआधी मी सत्तावीस मिनिटे टेबलापाशी बसून होतो. पद्धतीचा दोष होता, हे तीन शब्द पुरेसे होते. ते पडताळून पाहण्याचे साधन शैलजाबाईंकडे नव्हते. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या असत्या, त्याच्या पुढच्या रविवारीही कदाचित, आणि मला साडेएकोणचाळीस तास मोजण्याची गरज उरली नसती.

"मोजलं," मी म्हणालो.

"किती?"

"चार ठिपके."

"म्हणजे कागदावर?"

"अर्धा मिलिमीटर. माझ्याच बाहीचा. खांदा वगैरे काही तुटला नसता."

पलीकडे कोणीतरी पेशंटला श्वास रोखायला सांगत होते.

"प्रोग्राम आपोआप बाहेर सरकवतो म्हणाला होतात तुम्ही."

"चुकीचं सांगितलं. तो विचारतो. मी बाहेरची रेषा निवडली होती."

"मुद्दाम?"

"आठवत नाही. पण निवडल्याशिवाय तसं होत नाही."

"हं." त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतं चूक झाली म्हणाला असता, तर मी रविवारी आले असते."

"माहीत आहे."

"मग कशाला मोजलंत एवढं?"

"तुम्ही मोजा म्हणालात."

त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी हळू. "नीट राहा, मगदूमसाहेब. जेवत जा वेळेवर," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांचे लग्न मिरजेच्या एका शिक्षकाशी झाले, असे शेडबाळेबाईंकडून कळले. वहीतले माझे पान मी त्याच आठवड्यात रद्द करून घेतले. बाईंनी उजव्या पानावरचा फोटो नखाने सोडवून दिला. मागच्या कागदाचा थोडा थर त्याला चिकटून आला.

अक्काला कारण हवे होते. तिला मी तेव्हा उडवाउडवीचे उत्तर दिले. पंधरा वर्षांत तिने ते चारेक वेळा पुन्हा विचारले आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

एकोणीस घरांतून उत्तर आले नाही, कारण फोटोच्या डाव्या कडेला माझ्या पत्नीची चार बोटे होती आणि ती सर्वांना दिसत होती. ती पद्धतीमुळे राहिली नव्हती. मी ठेवली होती. पासष्टाव्या रेषेवर कापले असते, तर फोटोच्या दर्जात काहीही फरक पडला नसता. फक्त त्यात मी एकटा उरलो असतो.